पोटदुखीची एक ओळ

३ जानेवारी १९५८, शिरूर
संकल्प: तपकीर बंद. 'कंपाउंडर' अशी हाक मारली तर ओ द्यायची नाही. चोवीस वर्षं मिशन दवाखान्यात आहे, निम्मा डॉक्टरच झालो.
मुलगा दानिएल मालवाहू बोटीवर भटारखान्यात आहे. त्याच्या कंपनीला पत्र टाकलं. चाळीस खलाशांसाठी अख्खा डॉक्टर पोसणं म्हणजे उधळपट्टी. त्याऐवजी माझं एकपानी पत्रक ठेवा. एक दुखणं, एक ओळ, एक औषध. कप्तानाला वाचता येतंच.

१९ जानेवारी
तपकीर सुरू. (थंडी.)
कंपनीला कल्पना पसंत! मार्था म्हणाली, "आन् आपला दानिएल आजारी पडला म्हंजी?" बायकांना अर्थशास्त्र कळत नाही.

२ फेब्रुवारी
मांडवगणच्या अनसाबाई आल्या. म्हणाल्या, "उजवीकडं लई दुखतंय, दादा." मी एरंडेल ओतलं. डॉक्टरबाईंनी कप हिसकावला. अपेंडिक्स असेल तर एरंडेलानं फुटतं, माणूस जातो, असं सगळ्यांसमोर सुनावलं. अनसाबाईंना पुण्याला हलवलं. फार लागलं मला.

५ फेब्रुवारी
पत्रक तयार. 'पोटदुखी: एरंडेल, दोन चमचे.' पुढे 'उजवीकडे दुखत असल्यास देऊ नये' लिहिलं, तर मजकूर दुसऱ्या पानावर जातो. कंपनीला एकच पान कबूल केलंय. शिवाय बाईंची अक्कल माझ्या पत्रकात कशाला? खोडलं. दौंडला जाऊन स्वतः मेलगाडीच्या टपालडब्यात टाकलं.

६ फेब्रुवारी
अनसाबाईंचं ऑपरेशन झालं. वाचल्या म्हणे. योगायोग.

११ मार्च
दानिएलचं पत्र. डॉक्टरला मुंबईत उतरवलं. त्याच्या केबिनमध्ये आता कांद्याच्या गोण्या. पोरगं लिहितं, 'बाबा, तुमचं पत्रक भिंतीला लावलंय. समद्यांना सांगतो, माझ्या बापानं लिहिलंय.' डोळे भरून आले. कोट शिवायला टाकला. आता बाकीच्या कंपन्या, मग रेल्वे.

२० एप्रिल
दारात पोस्टमन, "कंपाउंडर!" म्हणून. ओ दिली.
कंपनीची तार. दानिएलला पोटदुखी. पत्रकाप्रमाणे औषध दिले. तिसऱ्या दिवशी मृत्यू. समुद्रात दफन.
उजवीकडेच दुखत असेल असं नाही. पोट डावीकडेही दुखतं. दुखतंच.
मार्थानं विचारलं, कंचं औषध दिलं माझ्या लेकराला? म्हणालो, तारेत लिहिलेलं नाही. ती आता पत्रकाची प्रत शोधतेय. प्रत या वहीत आहे, खोडलेल्या ओळीसकट.
तिला वाचायला मीच शिकवलं.