पोट उडतंय

चेन्नई, गुरुवार

आईस, शिवांजलीचा एवढ्या लांबून नमस्कार.

मी बरी आहे. इथल्या बालरुग्णालयातलं प्रशिक्षण चांगलं चाललंय, फक्त जेवणात भात लय. आबा गोळ्या घेतात ना? काल फोन केला तो वेगळंच सांगायला, पण मी म्हशीवरच बोलत राहिले. दोन दिवस कशात जीव लागत नाही, म्हणून लिहितेय.

परवा शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा डॉक्टरांना विचारलं, "तुमच्याकडच्या आया न्यूमोनिया कसा सांगतात?" मी म्हणाले, "आमच्या पाटणला म्हणतात, पोट उडतंय." कुणाला कळेना. मग मी पोटावर हात ठेवून, बाळाला धाप लागते तसं करून दाखवलं. बाई म्हणाल्या, "आईनं एवढं सांगितलं की पुरे. पुढचं डॉक्टरला कळायला हवं."

मी उठून व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले.

जयराजदादा माझ्या जन्माआधीच तान्हा असताना गेला, मी त्याला पाहिलंही नाही. पण दर भाऊबीजेला तू म्हणतेस, "पोट उडतंय म्हनले, तर डॉक्टरनं पोटाचं औषध दिलं. मला आडाणीला नीट सांगता आलं न्हाई." दवाखान्यात हेच शब्द ऐकून मी रोज पोरांची छाती तपासते, आणि तुझ्यापुढं मात्र दरवेळी गप्प बसले.

हे पत्र आबांकडून वाचून घेऊ नको. चष्मा लाव, बोट ठेवून तूच वाच.

आई, तू नीटच सांगितलं होतंस.

तुझी,
शिवांजली