आईच्या पायाला झेपेल असा ब्रेक

४ फेब्रुवारी

आई आज जीपमध्ये चालवायच्या जागेवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली, तरी जीप फाटकाला जाऊन टेकलीच. वर डावीकडे ओढते ते वेगळंच. उतरून चष्मा पुसत म्हणाली, "गाडीचं काही नाही गं, माझ्यातच वजन नाही."

बाबांचं उजवं अंग गेल्यापासून त्यांना फिजिओथेरपीला खाली गावात न्यावं लागतं. माझी रजा महिन्याभरात संपते. मग कोण नेणार? भाड्याच्या गाड्या हा चढ चढत नाहीत – एक आली होती, अर्ध्यातून मागे फिरली. घरात आहे ती ही एकच जीप, माझ्याहून वयाने मोठी.

ठरलं. आईच्या पायाला झेपेल असा ब्रेक बसवायचा.

५ फेब्रुवारी

मेकॅनिक बघून गेला. "ताई, हिचा ब्रेक दाबायचा नसतो, त्याला विनंती करायची असते." चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. पुढे डिस्क बसवू म्हणाला, मागे नवे लायनर, आणि वर बूस्टर – पायाचं निम्मं काम तोच करतो. हँडब्रेकची तऱ्हा निराळी. तो चाकांना नाहीच, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे, आणि तेल गळून गळून आतून चिंब. ओढला काय, न ओढला काय.

बाबा व्हरांड्यातून ऐकत होते. त्यांना आता मोजकेच शब्द येतात. त्यातला एक आम्हाला दिला – "नको."

७ फेब्रुवारी

जेवताना परत "नको". आईने त्यांच्या ताटात भात वाढला. "तुम्ही चालवणार असाल तर नको," म्हणाली.

११ फेब्रुवारी

ड्रम निघता निघेनात. गंजून एकजीव झालेले. तापवले, ठोकले, नाकी नऊ आले. पुढचा उजवा उघडला तर आतला सिलिंडर जाम. म्हणजे ते चाक ब्रेक लावतच नव्हतं, म्हणून डावीकडे ओढत होती. आणि बाबा तशीच घाटातून उतरवत होते – आम्हाला मागे बसवून, शीळ घालत! राग आला की माया, कळलं नाही.

१६ फेब्रुवारी

घोडं अडलं. डिस्क बसल्या, पण जुनं चाक वरून बसेना, आत घासतं. मेकॅनिक म्हणाला, "थोडं घासून घेऊ की." मी म्हटलं, ब्रेकवर कानस चालवायची नाही, चाकं बदलू. मोठी आणली.

जुनी चाकं भिंतीला टेकवून ठेवली. बाबांनी स्वतः रंगवलेली, कडेने बारीक पिवळी रेघ. ते बघत बसले. मी वर चादर टाकली. त्यांनी डाव्या हाताने ती ओढून काढली.

२० फेब्रुवारी

हँडब्रेक झाला. आधी गळणारं सील बदललं, मग शाफ्टवर छोटी डिस्क. तिचा ब्रॅकेट टर्नरने दोनदा केला, पहिल्याची भोकं जुळेनात. जीप उतारावर उभी करून मी आणि मेकॅनिकने ढकलून पाहिली. ढिम्म. हँडब्रेक आईने ओढला होता, एका हाताने.

२३ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आईला घेऊन अंगणातून रस्त्याकडे निघाले. उतार सुरू झाला, तिने ब्रेक दाबला – आणि पाय खालपर्यंत गेला. स्पंजासारखा. समोर वळण, वळणापलीकडे काही नाही. मी "आई" एवढंच म्हणू शकले. तिने हँडब्रेक ओढला. खाडकन थांबलो, माझं डोकं काचेला लागलं.

आई उतरली. दगडावर बसून पाणी प्यायली. वाटलं, संपलं. आता ही पुन्हा बसत नाही आणि मीही बसवत नाही.

"काय राहिलं होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली, माझी चूक. "मग काढ ती. मी उद्या परत बसणार आहे."

२४ फेब्रुवारी

हवा काढायला बसलो. आई ब्रेक दाबणार, मी चाकापाशी नट सैल करणार. तरी बुडबुडे येतच राहिले. हात टेकले. तेवढ्यात व्हरांड्यातून – "लांबचं."

मला कळेना. बाबांनी काठीने मागचं डावं चाक दाखवलं. "लांबचं... आधी."

मी जवळच्या चाकापासून सुरुवात केली होती! त्यांची खुर्ची उचलून जीपशेजारी आणली. मग तेच सांगत राहिले, "दाब. सोड. दाब." आई दाबत होती. चौथं चाक झालं तेव्हा ब्रेक कडक, अर्ध्यातच थांबणारा. आई म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा यांचं सगळं ऐकलं." बाबा हसले. एका बाजूने हसतात आता, पण हसले.

२७ फेब्रुवारी

मधले दोन दिवस वरच्या रस्त्यावर सराव केला, आज आईने अख्खा घाट उतरवला. बाबा शेजारी, मी मागे मुठी आवळून. दर वळणावर बाबांचा डावा पाय आपोआप दाबला जात होता. खाली पोचल्यावर आईने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आणि कुणीच लगेच उतरलं नाही.

२ मार्च

सकाळी उठले तर जीप नाही. आईही नाही. जीव टांगणीला. बाबा शांत चहा पीत होते.

दुपारी आली. मावशीकडे गेले होते म्हणाली. बाबांचं आणि मावशीचं वाजल्यापासून आईने सख्ख्या बहिणीचं दार पाहिलं नव्हतं – न्यायला बाबाच लागत, आणि ते नेत नसत.

ती आत गेल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"किल्ली... मी दिली."