सियामी केक आणि पाच मजले

२५ नोव्हेंबर, सकाळी ७
आम्हा कॉप्टिक ख्रिश्चनांचा नाताळ सात जानेवारीला; त्याचा उपास आजपासून सुरू. यंदा नुसता धर्माचा नाही, विज्ञानाचासुद्धा. सोळा तास पोटात काही नाही. उरलेल्या आठ तासांत फक्त वनस्पती. डाळिंब आणि करकदे, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत. त्यातल्या अँटिऑक्सिडंटनं पेशी तरुण होतात. मोबाइलवर वाचलं.
बायकोला, इव्होनला, माझ्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर राहायला जायचंय. मग गच्चीवरची माझी कबुतरं गेली. करार ठरला: सहा जानेवारीला पाच मजले न थांबता चढलो, तर आम्ही इथेच. बासष्ट म्हणजे काय वय आहे?

२८ नोव्हेंबर
करकदे फार आंबट. सहा चमचे साखर घातली. साखर उसाची. ऊस वनस्पती.

३ डिसेंबर, दुपारी ४
कोपऱ्यावरच्या बेकरीत पाटी लागली: 'सियामी केक'. सियामी म्हणजे उपासाचा. दूध, लोणी, अंडं काही नाही. म्हणजे शंभर टक्के वनस्पती. अर्धा किलो घेतला, अभ्यासापुरता.

११ डिसेंबर, सकाळी ९
अकराच्या आधी खायचं नाही, हा नियम. पण तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म गिरगिसनं दारात अडवून गरम फलाफल पुढे केले. नाही म्हणणं शोभतं का? आठ खाल्ले. म्हणाली, वदीभाऊ, उपासानं चेहरा कसा भरलाय. पेशी, दुसरं काय.

१९ डिसेंबर
पँटचं बटण तुटलं. शिंपी हल्ली मन लावून काम करत नाहीत. केक आता गच्चीत नेऊन खातो, इव्होनला विज्ञान कळत नाही. माझं लाडकं कबूतर, पाशा, चुऱ्यावर तुटून पडतो. मिळू दे त्यालाही अँटिऑक्सिडंट.
बाजारातून घरी चढताना चारदा थांबलो. सरावातलं मोजत नाहीत.

६ जानेवारी, संध्याकाळी ५
इव्होन पुढे, हातात कबुतरांच्या दाण्यांची पिशवी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, रोज दोनदा चढते, करकदेला हात लावत नाही. मी दोन मजले झपाझप. तिसऱ्यावर, उम्म गिरगिसच्या दाराशी, जरा टेकलो.
इव्होन पिशवी घेऊन तशीच वर चढत राहिली. काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं. साखर कमी पडली असेल.

२ फेब्रुवारी, तळमजला
कबुतरं उम्म गिरगिसच्या नवऱ्याला दिली. आज पाशा आमच्या खिडकीत येऊन बसला. चाळीस कबुतरांत एकाला तरी मालकाची आठवण आली. माझा ऊर भरून आला. इव्होनला हाक मारून दाखवलं.
ती म्हणाली, आठवण कसली डोंबलाची. केक खाऊन फुगलाय तो. गच्चीपर्यंत उडवत नाही त्याला.