कडी, गाणं आणि साहेबांनी घेतलेली गंभीर दखल

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? करवत चालवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तुम्ही ते ऐकलं नसणार हे मी इथे बसून सांगू शकते. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? (त्यांना माझं बारीक अक्षर वाचायला लावू नका. तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. फक्त बाबा तिथे बसलेले असतील, तर ताजा कलम मनातल्या मनात वाचा.)

मी ठीक आहे. तुम्ही करून दिलेल्या टेबलावर अभ्यास करून घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा मला वाटलं होतं की ऑफिसात शिकलेली माणसं असतात, आणि शिकलेला माणूस दुसऱ्याला कळावं म्हणून लिहितो. मामा, इथे मेमो लिहितात ते कुणाला काही कळू नये म्हणून, आणि चुकून कळलंच तर ते कुणी लिहिलं याचा पत्ता लागू नये म्हणून. आमच्या हेडक्लार्कना आम्ही बायका ‘उपरोक्त’ म्हणतो. हा गृहस्थ घरी जेवायला वाढा म्हणतानासुद्धा “उपरोक्त विषयास अनुसरून” अशीच सुरुवात करत असेल.

झालं असं, की दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या बाथरूमची कडी तुटली. मी नवी, आणि मेमोबद्दल माझी मतं ठाम: काय झालंय ते पहिल्या ओळीत, काय करायचं ते दुसरीत, कुणी करायचं ते तिसरीत, आणि मग गप्प बसावं. तसा लिहून नेला. उपरोक्तांनी तो कागद मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरला. “अहो बाई, हा मेमो आहे की शेजारणीला धाडलेला निरोप? संदर्भ कुठाय? पार्श्वभूमी कुठाय?” आता कडीला कसली आलीय पार्श्वभूमी? काल होती, आज नाही! पण त्यांनी तो चार पानांचा केला, आणि त्या चार पानांत ‘कडी’ हा शब्दच उरला नाही. तिचं ‘द्वारसुरक्षा साधनाची अनुपलब्धता’ झालं. मग ती पानं प्रत्येक टेबलावर विसावा घेत फिरली, आणि प्रत्येकाने न वाचता ‘पाहिले’ लिहून सही केली. (पाहिले म्हणे! दार पाहायला एक माणूस फिरकला नाही.)

तोवर आम्ही आमची सोय केली. आत जाणारीने गाणं म्हणायचं, आवाज आला की बाहेरचीने थांबायचं. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या हिशेब विभागातल्या काकू काय खड्या आवाजात गातात म्हणून सांगू! टायपिस्टला एकच कडवं पाठ, त्यामुळे ती बिचारी फार घाईत असते. कडीच्या मेमोला उत्तर नव्हतं, पण या गाण्यांवर एका दिवसात मेमो निघाला: ‘ऑफिसात गाऊ नये.’ बघा, म्हणजे लिहिता येतं यांना!

मग मीच नोटीस बोर्डावर लावलं: ‘दुसऱ्या मजल्यावरची कडी तुटली आहे. ती बसेपर्यंत सर्व बायका साहेबांचं बाथरूम वापरतील. तिथली कडी उत्तम आहे.’ तासाभरात सुतार हजर. मी टाळी वाजवणार, तोच तो साहेबांच्या बाथरूमला बाहेरून कुलूप बसवून चालता झाला. (आमच्या कडीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने मेमो आला. काकू म्हणाल्या, “अगं बाई, नोकरी पक्की होईपर्यंत तरी दम धरायचास!” पण मी घाबरलेली नाही. माझा खुलासा एका ओळीचा आहे: ‘कडी अजून तुटलेलीच आहे.’

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : येत्या शनिवारी दुपारी एक जाडशी कडी, स्क्रू आणि ड्रिल घेऊन इकडे या. ऑफिस रिकामं असतं. वॉचमन दार उघडेल. त्याची बायको आमच्याकडेच सफाईला आहे, तिलाही गावं लागतं.

ता. क. दुसरा : खुलाशाला मूळ मेमो जोडावा लागतो, आणि तो सोमवारी पोचला नाही तर मला घरी बसवतील. मागच्या वेळी घरी आले तेव्हा तो मेमो माझ्या पिशवीतून बाबांच्या हाती लागला. ‘आपण दर्शविलेल्या विशेष उत्साहाची वरिष्ठ पातळीवर अत्यंत गंभीरपणे दखल घेण्यात आली असून तशी कायमस्वरूपी नोंद करण्यात येत आहे’ हे वाचून त्यांचे डोळे भरून आले. मामा, तो सत्कार नाही, दम आहे. मलाच ते तिसऱ्यांदा वाचल्यावर उमगलं, बाबांना कसं कळावं? मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोवर त्यांनी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही फ्रेमचं माप घ्यायला लागलात. (फ्रेम सुंदर झाली आहे.) आता ती तुम्हीच उतरवा, बाबांना पॉलिश राहिलंय म्हणून सांगा आणि कागद घेऊन या. रिकामी फ्रेम बघून त्यांनी विचारलंच, तर म्हणावं, साहेब दुसरा मेमो देणार आहेत. माझा खुलासा वाचला, की देतीलच.