टोपीखालचा माणूस

प्लेनो, टेक्सास, रविवारची दुपार

प्रिय सुजाता,

काल तुझ्या आईने मला तोच प्रश्न विचारला, जो याच डायनिंग टेबलाशी बसून तिने एकदा तुला विचारला होता. "एकटी गेली होतीस ना? मग हा फोटो कोणी काढला?"

उत्तर मला ठाऊक होते. तरी क्षणभर मी अडखळले. तेवढ्यात काकूंच्या डोळ्यांत जे उमटले, ते पाहून तुझी इतकी तीव्र आठवण झाली, की आज हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. तू हसशील. "तुझं मराठी मला सबटायटल्सशिवाय कळत नाही, यार," असे म्हणायचीस. आज सबटायटल्स मिळणार नाहीत. सावकाश वाच.

आपण दोघी एकाच वयाच्या. पण तू टेक्सासात जन्मलेली आणि मी नागपूरच्या मराठी शाळेतून बोर्डात पहिली येऊन, संख्याशास्त्र शिकायला तुमच्या घरी येऊन राहिलेली. तुझे बाबा आणि माझे बाबा एका वसतिगृहातले. तेवढ्या आधारावर काकूंनी मला तुझ्या शेजारची खोली दिली आणि तू मला तुझे सगळे बेत सांगू लागलीस. मला ते नको असायचे. बेत ठाऊक असले की काकूंनी विचारल्यावर मला खोटे बोलता येत नसे!

चीनचा बेत तू असाच सांगितलास. नोकरीतून सुट्टी घेऊन, पाठीवर बॅकपॅक टाकून, एकटीच. दगडात कोरलेले जुने बुद्ध पाहायला. "इथे फॅमिली रूममध्ये लहानपणापासून बुद्धाचा एकच चेहरा बघतेय," तू म्हणालीस. "आपल्याकडून गेल्यावर त्यांनी त्याला कोणता चेहरा दिला, ते बघायचंय मला."

मी तुला कुलूप आणि साखळी दिली होती. आठवते?

"हे काय? डॉग लीश?"

"गाडीत बॅग बर्थला बांधायची."

"कोणापासून?"

"लोकांपासून."

"विच लोक, विशाखा?"

साखळी तू माझ्याच उशाशी ठेवून गेलीस.

मग तू परतल्यानंतरचा तो रविवार. आपल्याकडे बुद्धवंदनेला पाचसहा कुटुंबे जमली होती. खोटे न बोलण्याचे शील सर्वांनी नुकतेच एका सुरात म्हटले होते. जेवणे झाली आणि तू अल्बम आणलास. लुंगमेनच्या लेण्यांपुढे तू. दातुंगजवळच्या, उघड्यावर बसलेल्या त्या प्रचंड बुद्धापुढे तू. चीनच्या त्या पडक्या भिंतीच्या बुरुजावर तू. प्रत्येक फोटोत ऊन तोंडावर घेऊन, दात दिसतील असे हसणारी. आणि प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला एक सावली. रुंद, कडेला वळलेल्या काठांची टोपी घातलेल्या माणसाची.

तेव्हाच काकूंनी विचारले, "मग हा फोटो कोणी काढला?"

"लोकांनी."

"कोणत्या लोकांनी?"

"जे तिथे होते त्यांनी, आई."

"चीनमध्ये काउबॉय हॅट घालून फिरतात होय लोक?" एक मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी अल्बम माझ्यापुढे सरकवला. "विशाखा, तू बघ. तू हुशार आहेस."

मी पाहिले. मला जे दिसले ते मी सांगितले: "टोपी सगळीकडे एकच आहे."

हे खोटे होते का, सुजाता? नव्हते. आजही नाही. पण तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "यू टू?" आणि अल्बम मिटलास. "ओके. आहे एक काउबॉय. हॅपी?"

तू रागाने बोललीस. आम्ही मात्र तो कबुलीजबाब समजलो. त्या दिवसापासून या घरात एक उंच, गोरा, टेक्सासचा मुलगा राहू लागला. फोन वाजला की काकूंना तो दिसे. तू उशिरा आलीस की मला तो दिसे. तू पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, आणि तुझ्या मौनाचा आम्ही आणखी पुरावा केला. एका वाक्याचे तर काम होते! ते एक वाक्य तू का बोलली नाहीस? आमच्यावर इतकी रागावली होतीस, की आमची गंमत पाहत होतीस? मला अजून ठरवता येत नाही.

त्या हिवाळ्यात हायवेवर न दिसणारा बर्फ पसरला, आणि ऑफिसमधून निघालेली तू घरी आली नाहीस.

फ्युनरल होममध्ये मी काकूंच्या शेजारी बसले होते. वंदना चालू होती आणि त्या मात्र दाराकडे पाहत होत्या. तुझ्या ऑफिसमधला कोणी मुलगा आत आला, की त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर थांबे, मग हातांवर. टोपी हातात घेऊन कोणी येते का, ते त्या पाहत होत्या. मला वाटले, रागाने पाहत आहेत. मी त्यांच्यावरही संशय घेतला.

काही महिन्यांनी, भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता, त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्याला कळलं असेल का गं?"

"कोणाला, काकू?"

"त्या टोपीवाल्याला." मग एक ताटली खणात बसवत, "त्याला कोण कळवणार? तो तिकडे वाट बघत असेल, फोन का येत नाही म्हणून. मी तेव्हा उगाच रागावले. आता वाटतं, असू दे. असावाच कोणीतरी."

तुझ्या आईला त्या माणसाचे नाव हवे होते, सुजाता. जाब विचारायला नव्हे. तू गेलीस हे सांगायला. माझ्याकडे नाव नव्हते. होते ते तुझे फोटो आणि माझा संशय. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन्ही घेऊन निघाले. मी, जी पिझ्झावाल्याला फोन करायलाही तुला सांगत असे!

काकूंनी तुझी बॅकपॅक दिली. काकांनी गराजमधल्या खिळ्यावरची गवती टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. "ऊन लागेल तिकडे," एवढेच म्हणाले. मी धन्यवाद म्हटले आणि पुढचा विचार केला नाही. बोर्डात पहिली आलेली मुलगी!

दातुंगच्या अतिथिगृहात मी तुझा फोटो पुढे केला. काउंटरवरच्या मुलीने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि आनंदाने माझ्याकडेच बोट दाखवले. "मी नव्हे," मी हातांनी सांगत राहिले. तिने फोटो पुन्हा माझ्या गालाजवळ धरून पाहिला आणि मान डोलावली. जणू मी माझी ओळख लपवत होते आणि तिने मला पकडले होते.

दातुंगला येतानाच्या रेल्वेगाडीत मी साखळी काढली. बॅग बर्थच्या दांडीला बांधून कुलूप ओढून पाहिले, मग पुन्हा ओढून पाहिले. समोरच्या बर्थवरची बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत माझ्याकडे एकटक बघत होती. मला खात्री वाटली, हीच. ती उठली, खाली वाकली, साखळी हातात घेऊन तिने निरखली आणि स्वतःच्या टोपलीचा पट्टा माझ्या साखळीतून ओवून मला खूण केली: लाव कुलूप. मग ती पाठ करून झोपली. किल्ली माझ्याकडे! तिची टोपली राखत मी रात्रभर जागी राहिले. मला तुझा प्रश्न आठवत होता. विच लोक, विशाखा?

दातुंगच्या बुद्धाच्या मांडीवर कोळशाची काळी धूळ साचली होती. जवळून कोळशाचे ट्रक जातात, पण तुझ्या फोटोत ती धूळ दिसत नाही. तू उभी होतीस तिथे मी उभी राहिले. सावली पडली होती तिथली फरशी शोधली. सूर्य कुठे असेल, सावलीची लांबी किती, असा हिशेब मांडून तुझ्या काउबॉयची उंची काढली. साधारण सहा फूट निघाली. पडक्या भिंतीवर हाच हिशेब केला, तर तो जेमतेम पाच फुटांचा निघाला! जागोजागी उंची बदलणारा प्रियकर! मला दुसरी शंका यायला हवी होती. मी माझ्या गणितावर संशय घेतला.

लुंगमेनला मी सकाळी पोहोचले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत लहान बुद्ध. कित्येकांची डोकी कोणीतरी कापून नेलेली. नुसते खांदे आणि मांडीवरचे हात. वर तो मोठा बुद्ध, नदीकडे पाहणारा. तू म्हणत होतीस तो चेहरा. भरलेले गाल, बारीक डोळे, आणि ओठांवर असे काही, की याने आपल्याविषयी बरेच ऐकले आहे असे वाटावे. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. तुझा फोटो तिथलाच. आता तिथे माझाही फोटो हवा, म्हणजे तुझ्याशी ताडून पाहता येईल. पण काढायचा कोणाकडून? अनोळखी माणसाला विचारायचे कसे? प्रवासभरात मी एकदाही विचारू शकले नव्हते. माझ्या साऱ्या फोटोंत दगड होते, मी कुठेच नव्हते.

तेवढ्यात कोणीतरी माझा कॅमेरा ओढला! मी पट्टा घट्ट धरला. एक ठेंगणी, साठीची बाई, मागे तिचे सगळे कुटुंब. ती ओढत होती, मी ओढत होते. ती माझ्याकडे बोट दाखवे, मग बुद्धाकडे, मग डोळ्याला कॅमेरा लावल्याचा अभिनय करी. माझी बोटे सुटता सुटेनात. अखेर कॅमेरा दिला, आणि ती पळते का ते पाहत उभी राहिले.

ती पळाली नाही. डोळा बारीक करून तिने मला पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. टोपीची सावली माझ्या तोंडावर पडत होती. जवळ येऊन तिने सरळ माझी टोपी काढली. ठेवायची कुठे? वारा होता. तिने ती स्वतःच्या डोक्यावर थापली, चार पावले मागे गेली, आणि सकाळच्या उन्हात तिची सावली लांब होत माझ्या पायांपर्यंत आली.

रुंद, कडेला वळलेले काठ.

सुजाता! तुझ्या फोटोंतली टोपी काकांचीच होती! काका दर शनिवारी तीच घालून अंगणातली हिरवळ कापत. दर शनिवारी तुझा काउबॉय खिडकीबाहेर मोअर ढकलत होता आणि आम्ही आत बसून त्याचे गोत्र शोधत होतो. टोपीखालचा माणूस आम्ही सर्वांनी शोधला. टोपी कोणाची, हे एकानेही विचारले नाही.

मी हसले. मोठ्याने, दात दिसतील अशी. ती बाईही हसली आणि तिने बटन दाबले.

तो फोटो काल दुकानातून धुऊन आला. काकूंनी तो उचलला आणि बराच वेळ पाहिला. "तू अशी हसतेस? मी कधी पाहिलं नाही." मग त्यांचा स्वर बदलला. "कोण होतं गं समोर? एकटी गेली होतीस ना?"

तेव्हा मी अडखळले, आणि त्यांच्या डोळ्यांत तो संशय आला. तुझ्या वाट्याचा, आता माझ्यावर. तो आपल्यावर पडला की कसे वाटते, ते मला काल कळले. मी तुझा फोटो माझ्या फोटोशेजारी ठेवला. "टोपी बघा, काकू."

त्यांनी पाहिले. "हा तोच."

"ही एक आजीबाई होती. मी कॅमेरा देईना म्हणून माझ्याशी भांडली. टोपी काकांची आहे."

काकू उठून गराजमध्ये गेल्या. मी मागे गेले, तर त्या ड्राइव्ह-वेवर उन्हात उभ्या होत्या. डोक्यावर ती टोपी, आणि नजर खाली, स्वतःच्या सावलीवर.

"अशीच का गं?"

"अशीच, काकू."

"म्हणजे जो येईल त्याला घालायला द्यायची ती."

"हो."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "मग आता कळवायचं कोणाला?"

या प्रश्नाचे उत्तर तुला आले असते का? मी त्यांच्यासाठी एक माणूस शोधायला गेले होते, आणि जो होता तोही हिरावून घेऊन आले, असे मला वाटले. पण टोपी खिळ्याला अडकवताना त्याच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला ने. ती जिथे जिथे उभी होती तिथे. टोपी मी आणते."

एक मात्र स्पष्ट सांगते. आमच्या विषयात एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. माझी एक आजीबाई म्हणजे तुझे सगळे फोटो नव्हेत. त्यांतल्या एखाद्या वेळी टोपीखाली खरेच कोणी असेलही, आणि तू आम्हाला पुरते फसवले असशील. तेवढा संशय मी माझ्याजवळ ठेवून घेते. तुझी एवढी आठवण तरी मला तपासत राहता येईल!

आणि तुला वचन देते. काकूंना मी घेऊन जाईन. साखळी इथेच ठेवीन. त्या मोठ्या बुद्धापुढे त्यांना उभे करीन, आणि पहिला जो कोणी समोरून येईल त्याला, माझी वाचा बसली तरी, मीच विचारीन. काकूंची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवीन. त्या वेळी तुझी आई हसली, तर ती कोणाकडे पाहून हसली, हे मी विचारणार नाही.

तुझी, सबटायटल्सविना,
विशाखा