फिरंग्यांच्या टेपावरची लादी

९ ऑगस्ट १९६४, रविवार

बांधाला खांड पडली! परवाच्या अमावास्येच्या उधाणाने बैलगाडी जाईल एवढं भगदाड पाडलं. नुकत्याच लावलेल्या भातात खाडीचं पाणी. उद्या शाळेत कोण येणार? सगळं गाव बांधावर माती टाकतंय.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. खांडीजवळ तिवरांत एक उंचवटा आहे, गावात त्याला ‘फिरंग्यांचा टेप’ म्हणतात. पाण्याने त्याची एक कूस कापून नेली — आणि आत चक्क भिंतींचे पाये! घडीव दगड, ओळीने.

१० ऑगस्ट

ओहोटीला गेले. चार खोल्या, एक बुजलेली विहीर. निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा सापडला. कोण जेवलं असेल तिच्यात? काय जेवलं असेल?

बांधाच्या कामाचे म्होरके गुणाजीदादा. त्यांना विचारलं. “फिरंगी आलं, दोन पावसाळं ऱ्हायलं, गेलं.” का गेले? “ता मला काय ठावं, बाई!”

त्यांच्या बायकोने, गिरजाबाईने, तोंडच वाकडं केलं. “परक्यांची मढी हायत तिथं. आमी बायका पाय ठेवत नाय. तुमी पन जाव नका.”

११ ऑगस्ट

पुन्हा गेले.

१३ ऑगस्ट

विहिरीमागे मोठी लादी मिळाली. चिखल धुतला तर वर क्रूस, खाली अक्षरं! पाच ओळी. लिपी इंग्रजीसारखी, पण शब्द इंग्रजी नव्हेत. पोर्तुगीजच असणार. कोरणारा लिहिण्यात कच्चा दिसतो — ओळी तिरक्या, एक अक्षर जागा संपली म्हणून वर चढवलेलं.

कागद ठेवून कोळशाने ठसा घेतला. बाबा कोर्लईला तलाठी होते तेव्हा तिथल्या चर्चमधले एक म्हातारे फादर मला गोळ्या द्यायचे. ते वाचतील! ठसा आजच पेणला जाऊन पोस्टात टाकला. हात अजून काळे आहेत.

१६ ऑगस्ट, रविवार

भांडले आज. नारळी पौर्णिमेचं उधाण आठवड्यावर आलं, आणि माती टाकावी तशी वाहून जातेय. म्हणून टेपावरचे दगड उचलायला लागले! मी आडवी गेले. “पत्र येईपर्यंत थांबा हो. इथे कोण राहिलं, का गेलं, काही तरी कळेल.”

गुणाजीदादा रागावले नाहीत. नुसते दमलेले दिसले. “बाई, ती मानसं चारशे वर्सं थांबलीत. भात थांबत नाय. गेल्या खेपंला खारं पानी शिरलं तवा तीन वर्सं जमिनीत दाना नव्हता.”

त्यांचीच तर पोरं माझ्या शाळेत येतात.

१७ ऑगस्ट

आता तडजोड — ते दगड काढतात, त्याआधी मी वहीत काढते. कुठला दगड कुठे होता, किती हात लांब. शिक्षकी कामी आली! लादीला मात्र हात लावायचा नाही असं ठरलंय.

१९ ऑगस्ट

लादी गेली.

खांडीच्या तळाशी बारके दगड पाणी ओढून नेतं. एक मोठा, सपाट दगड बसला तर वरचे टिकतील. मी लादीवर बसून राहिले, खरोखर बसून! आठ माणसं चिखलात उभी, ओहोटी सरत चाललेली. कोणी मला ऊठ म्हणेना. गुणाजीदादा एवढंच म्हणाले, “तुमी सांगाल तसं.”

“न्या,” मीच म्हटलं.

दोर, बांबू, हय्या-हो. अक्षरं चिखलाकडे केली. क्षणात दिसेनाशी झाली. मला रडू आलं, वेडीसारखं.

२२ ऑगस्ट

टिकला! भरती बांधाच्या माथ्याखाली हातभर थांबली आणि परतली. खाडीला नारळ वाहिले. गिरजाबाईने मला नारळीभात पाठवला.

२४ ऑगस्ट

पत्र नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

आलं! फादरांचं अक्षर थरथरतं आहे. ते लिहितात, त्यांच्याकडच्या जुन्या कागदांत या ठाण्याचा एका ओळीचा उल्लेख आहे. दोन वर्षं टिकलं. तापाने निम्मी माणसं गेली, उरलेल्यांना होडीतून रेवदंड्याला नेलं. आणि लादीवर असं आहे —

“इथे कातारीना निजली आहे. याच गावच्या मिठागऱ्याची मुलगी, वय वीस. तिचा नवरा मानुएल, सुतार, याने हे कोरलं. मला नेत आहेत. तिची माणसं इथेच आहेत. त्यांनी तिला सांभाळावं.”

चार वेळा वाचलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती! आणि वाचता आली तेव्हा मीच “न्या” म्हणून बसलेली.

३० ऑगस्ट

गुणाजीदादांच्या ओटीवर पत्र वाचून दाखवलं. दादा उठलेच. “काढू का परत?”

गिरजाबाईने त्यांचा हात धरला. “नको. ऱ्हाव द्या. आपलीच पोर.” मग मला म्हणाली, “कातरीन ता त्यांनी ठेवलेलं नाव. तिची आय काय हाक मारत असंल गो तिला?”