बुधवारी बारा वाजता

१० ऑगस्ट २००७, शुक्रवार

नाई करत सही! काऊन करू? कागदावर काय लिहिलं ते मले वाचता येते. चौथी शिकली आहे मी, आंधळी नाई. 'झाडू मारताना माझ्या हातून चुकून मशीनचे बटन बंद झाले व त्यामुळे हेटीटोला उपकेंद्राचा फोन बंद पडला.' खाली माझं नाव टाइप केलेलं — वच्छला — अन् त्याच्यावर सहीले जागा. मले न विचारता माझीच कबुली!

भैयाजी, आमच्या दवाखान्याचा मॅनेजर, म्हणते, "वच्छलाबाई, करून टाका ना सही. तुमचं काय जाते?" म्हणलं, "बुधवारी मी झाडू सात वाजता मारला. फोन गेला बारा वाजता. पाच तास माझा झाडू हवेत होता का?" हासला. म्हणे, "तोंड लय चालते तुमचं." चालते! तोंडच तं आहे माझ्याजवळ, दुसरं काय आहे?

काय झालं ते इथी लिहूनच ठेवते. नाईतर उद्या मलेच येडी ठरवतील.

आठ तारखेले, बुधवारी, हेटीटोल्यात बुधरी बाळंत होत होती. पहिलटकरीण. नाल्याले पूर, इकडून गाडी जाऊ शकत नव्हती. मूल पायाळू. तिथं दीपाली सिस्टर एकटी, चोवीस वर्षांची पोरगी, नोकरीले सहा महिने नाई झाले. इकडून डॉक्टरबाई फोनवर एकेक गोष्ट सांगत होत्या. मी दारातच उभी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ओढू नको दीपाली, थांब, आता —" अन् फोन मेला. मधातच. पाऊण तासानं लागला तेव्हा तिकडून रडणं ऐकू आलं. बाळाचं नाई, दीपालीचं.

बुधरी वाचली. लेकरू गेलं. अन् हे म्हणते वच्छलाच्या झाडूनं गेलं!

११ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरबाईनं आज माझ्या हातचा चहा परत पाठवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. 'नको' पण नाई म्हणाल्या. नुसता हात केला.

१३ ऑगस्ट, सोमवार

मशीन म्हणजे तो मोठा डब्बा. जुलैत नागपूरवरून सुरेंद्र साहेब आले अन् बसवून गेले. आमचे सहा उपकेंद्रं आहेत, सूरजागडच्या पहाडाकडं. सगळे रानातले. प्रत्येक ठिकाणी एक लहान डब्बा, त्याच्यावर तिथला फोन चालते. त्या डब्ब्यांले मधात मधात काहीतरी नवीन द्यावं लागते, त्याले अपडेट म्हणते. आधी सहाही जण आपापलं अपडेट नागपूरवरून ओढत. आमच्या छतावरच्या डिशच्या छत्रीत तेवढा दम नाई. अर्ध्यात अडके, अन् दोन-दोन दिवस फोन मुके. म्हणून हा मोठा डब्बा आणला, सर्व्हर. तो नागपूरवरून एकदाच आणते, आपल्याजवळ ठेवते, अन् इथून सहा गावाले वाटते.

साहेबानं भैयाजीले दोनदा सांगितलं तरी समजलं नाई, नुसती मान हालवली. मी पाणी द्याले गेली होती, मले एका वेळेत समजलं. म्हणलं, "लसीसारखं ना साहेब? जिल्ह्यावरून एकदा येते, आपल्या फ्रीजात राहते, मग डब्यात बर्फ घालून गावोगाव." साहेब म्हणे, "मावशी, तुमाले नागपूरले नेतो, आमच्या हापिसात बसवतो!" लय कौतुक केलं तेव्हा. आता दवाखान्याचा नंबर दिसला की फोन उचलत नाई.

अन् त्याचं बटन कुठी आहे? भिंतीवर, वर, पेटीत! स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नाई. झाडू मारताना कोणाचा हात आभाळाकडं जाते?

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडा झाला. बुंदी वाटली. बाजार दर बुधवारसारखाच भरला, झेंड्यानं बाजार थांबत नाई.

सुकलू आला होता, बुधरीचा नवरा. विकाले वास्ते आणले होते, बांबूचे कोवळे कोंब, टोपली तशीच भरलेली. बाजारात न बसता सरळ दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. भैयाजीनं त्याले माझं नाव सांगून ठेवलेलं! मले पाहून म्हणे, "बाई, तू बटन दाबली?"

"नाई रे बाप्पा. माझ्या लेकीची आण."

टोपली बाजूले सरकवली. मग म्हणे, "मंग बुधवारीच काऊन मरते फोन? मागच्या बुधवारी मेला. त्याच्या मागच्या बी मेला, माझ्या बापाची दवाई सिस्टर विचारत होती. तुमचा फोन बी बाजार कराले जाते का?"

मले हासू आलं नाई. घड्याळ पाहिलं. पावणेबारा वाजले होते. जाऊन मोठ्या डब्ब्यासमोर स्टुलावर बसली. सुकलू दाराशी. डब्ब्याले सहा हिरवे दिवे, एकेका गावाचा एक. घड्याळात बारा वाजले अन् सहाचे सहा पिवळे झाले. एकदमच! हेटीटोल्याले फोन लावून पाहिला, मेलेला. कोणी हात लावला नाई. लाईन पण गेली नाई, डोक्यावर पंखा फिरत होता. बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी दिवे हिरवे झाले अन् फोन जिता.

सुकलू म्हणे, "आला बाजार करून."

टोपली घेऊन गेला. वास्ते दे म्हणलं, विकत घेते, तं दिले नाई.

१६ ऑगस्ट, गुरुवार

बसस्टँडच्या बूथवरून सुरेंद्र साहेबाले लावला. अनोळखी नंबर, उचलला बरोबर!

"हो मावशी, बुधवारी बारालेच वाटप होते. मीच टाइम टाकला आहे. डब्बे अपडेट घेते, बंद होऊन चालू होते. काऊन, काही झालं का?"

काही झालं का! त्याले काहीच माहीत नाई. सांगितलं कोणी? सगळं सांगितलं मी. मग हळूच म्हणे, "पण मावशी, तुम्हीच तं म्हणल्या होत्या. मी विचारलं, इथी लाईन पक्की कधी असते? तुम्ही म्हणल्या, बुधवारी दुपारी, कधीच जात नाई."

खरं आहे. म्हणली होती.

बुधवारी लाईन जात नाई, कारण बाजार असते. चक्कीवाल्यानं लाईनमनले सांगून ठेवलं आहे, दळण थांबलं नाई पाहिजे. अन् बाजार असते म्हणूनच पहाडातलं माणूस घराबाहेर पडते, वाटेत उपकेंद्रात शिरते, पोटुशा बाया त्याच दिवशी दाखवाले येते. सिस्टरले फोन सगळ्यात जास्त त्याच टायमाले लागते! त्यानं लाईन कधी असते ते विचारलं. काऊन असते ते नाई विचारलं.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

अन् मी पण नाई सांगितलं. जन्मभर कोणी न विचारता बोलत आली. त्याच दिवशी तेवढी विचारल्यापुरतं बोलली!

२० ऑगस्ट, सोमवार

भैयाजीकडं गेली. दार लावून सांगितलं, भांडण नको म्हणून. सुरेंद्र साहेब म्हणते, मशीनमध्ये सोय आहे. सहाले एकदम नाई द्याचं, एकेका गावाले द्याचं, अन् विचारून द्याचं. लस पाठवताना आपण सिस्टरले आधी फोन करतोच ना? 'आहेस का? फ्रीज चालू आहे का?' ती हो म्हणली की डबा निघते. तसंच विचाराचं, 'सिस्टर, पेशंट आहे का? फोन बंद करू का?' ती थांब म्हणली तं थांबाचं. एवढंच! साहेबाले फक्त आपल्या हापिसातून दोन ओळीचं पत्र पाहिजे.

भैयाजी पेनाचं टोपण काढे अन् लावे. म्हणे, "वच्छलाबाई, पत्र दिलं म्हणजे त्या दिवशी मशीननंच केलं हे आपण लिहून दिलं. वरचे विचारतील, वाटपाचा टाइम ठरवला त्या कागदावर सही कोणाची?"

"कोणाची?"

खिडकीतून बाहेर पाहू लागला.

न वाचता सही केली त्यानं! अन् मले काय म्हणते? 'तुम्ही पण न वाचता करा!' वरून म्हणे, "तुमच्या नोकरीले धक्का नाई लागणार. सही केली की विषय मिटते."

म्हणलं, "विषय मिटन भैयाजी. बुधवार मिटते का?"

२२ ऑगस्ट, बुधवार

बाराले दहा कमी असताना डॉक्टरबाईच्या टेबलाजवळ जाऊन उभी राह्यली. म्हणलं, "हेटीटोल्याले फोन लावा. काही पण बोला. पण बारा वाजेपर्यंत ठेवू नका." त्यांनी रागानं पाहिलं. पण लावला. मी लांब, कोपऱ्यात, दोन्ही हात पोटावर बांधून.

"दीपाली, पेशंट किती झाले? बरं. जेवलीस का? काय केलं होतंस?"

दीपालीचा आवाज मलेही ऐकू येत होता, "वांग्याची भाजी, मॅडम, अन् —"

मेला.

डॉक्टरबाई फोनकडं पाहत राह्यल्या. मग घड्याळाकडं. मग माझ्या हाताकडं. म्हणाल्या, "वच्छला, मला सांगितलं होतं की तू..."

"मले माहीत आहे काय सांगितलं होतं."

डोळे भरले त्यांचे. माझे नाई भरले. मले रागच एवढा होता. म्हणाल्या, "मी मीटिंगमध्ये हा विषय काढते." कधी आहे मीटिंग? तं सप्टेंबरच्या शेवटी! तेवढ्यात किती बुधवार येते हे कोणी मोजावं? बाई चांगली आहे, पण चांगलं माणूस पण घाई नाई करत.

चार वाजता भैयाजीचा निरोप आला. शनिवारपर्यंत सही, नाईतर एक तारखेपासून येऊ नका.

२३ ऑगस्ट, गुरुवार

दीपालीचा फोन आला. डॉक्टरबाईले नाई, मलेच पाहिजे म्हणे. "मावशी, डॉक्टरबाई थांब म्हणाल्या होत्या. पुढचं ऐकूच आलं नाई. बुधरी ओरडत होती. मी थांबली, थांबली... मग ओढलं. मी ओढलं मावशी. कोणाले सांगितलं नाई."

काय म्हणू तिले? म्हणलं, "पुढचं वाक्य तुले पोचलं नाई, बाई. ते ज्यानं अडवलं त्याची चूक आहे ही." ती म्हणे, "नोकरी सोडून गावाले जाते." म्हणलं, "खबरदार! तू गेली तं तिथी फोन घ्याले पण कोणी नाई."

पुढच्या बुधवारपर्यंत गावातल्या अजून एका बाईचे दिवस भरते म्हणे. सुकलूची भावजय.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

बूथवर जाऊन सुरेंद्र साहेबाले एकच विचारलं. बुधवारी बाराच्या आधी मी मोठ्या डब्ब्याचं बटन खरंच बंद केलं, तं काय होईन? म्हणे, "काही नाई मावशी. वाटप होणार नाई. फोन कसा मरन? फोन चालूच राहते."

म्हणजे आठ तारखेले माझ्या हातून ते बटन बंद झालं असतं, तं डॉक्टरबाईचं वाक्य पुरं झालं असतं!

भैयाजीच्या त्या कबुलीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून त्याच्या टेबलावर ठेवून आली: 'मी बटन बंद केलं नाई, याचंच मले दुःख आहे. नागपूरले पत्र गेलं का नाई, याचं उत्तर सोमवारी, २७ तारखेले, पाच वाजेपर्यंत लेखी द्या. नाई दिलं तं बुधवारी बाराच्या आधी स्टूल घेऊन सगळ्यांसमोर बंद करीन. मग पुढच्या बाजूवर सही पण करीन.'